पॅड पास, ट्रायल नापास

वॉर्डातून फोन आला तेव्हा मला सगळ्यात आधी विमलताई आठवल्या. विमलताई म्हणजे दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या नर्सबाई. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. माझा कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरला, बी.एस्सी.साठी वसतिगृह त्यांनी शोधून दिलं, सुट्टीत अभ्यासाला स्वतःच्या क्वार्टरची पुढची खोली दिली. मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे. त्यांनी अर्धं आयुष्य बाळंतिणींची काळजी घेण्यात घालवलं, आणि फोनवर मला कळत होतं की माझ्या हाताखालून गेलेल्या मालामुळे एक बाळंतीण आजारी पडली.

फोन राठोड सिस्टरांचा होता. त्या एका दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या वॉर्डाच्या इनचार्ज होत्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"प्रकाशभाऊ, तुमचे पॅड वापरणाऱ्या एका बाईले ताप आला. एक बाजू सुजून लाल झाली. अजून दोघींची चामडी सोलली. डॉक्टर विचारून राह्यले, पॅडमध्ये काय टाकलं म्हणून. तुम्ही या."

मी तेव्हा यवतमाळच्या बाहेर, लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटी बघत होतो. आम्ही सर्जिकल कॉटन बनवायचो, म्हणजे दवाखान्यातला कापूस. शेतातला कापूस पाणी पीत नाही. त्याच्या धाग्यावर निसर्गानेच मेण दिलेलं असतं. तो पाण्यावर टाकला तर तरंगत राहतो. कॉस्टिक सोड्यात उकळून ते मेण काढावं लागतं, मग ब्लीच, मग धुणं, मग वाळवणं. नीट धुतला नाही तर ब्लीच आत राहतं आणि कातडीला लागतं. म्हणून धुतलेल्या प्रत्येक बॅचवर माझी सही लागायची.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आजूबाजूच्या सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगा बंद पडत होत्या. आमच्याकडे दोन पाळ्यांची एक पाळी झाली होती. मालक गावंडेसाहेब रोज नवीन प्रॉडक्टचं नाव घेऊन यायचे. एके दिवशी ते ब्रेस्ट पॅडचं सॅम्पल घेऊन आले.

ब्रेस्ट पॅड म्हणजे पाजणाऱ्या आईनं ब्लाउजच्या आत ठेवायची गोल घडी. दूध आपोआप झिरपतं, कपडे भिजतात, ते ही घडी शोषून घेते. पॅड दोन प्रकारचे. एक डिस्पोजेबल, वापरला की टाकून द्यायचा. आत सर्जिकल कॉटन, दोन्ही बाजूंनी जाळीचं कापड, बाहेरच्या अंगाला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. दुसरा रीयुजेबल, कापडाचे थर शिवलेला, धुऊन पुन्हा वापरायचा. शहरातल्या बाया दुकानातून दोन्ही घेतात. आमच्या भागात तोपर्यंत पदराच्या टोकापलीकडे काही नव्हतं.

दवाखान्याने ट्रायल घ्यायचं कबूल केलं. ज्या बायांची बाळं कमी दिवसांची जन्मलेली आणि काचेच्या पेटीत ठेवलेली, त्यांच्यावर. ही बाळं अंगावर ओढत नाहीत. आया दूध वाटीत काढून देतात, बाळाला ते चमच्याने किंवा नळीने मिळतं. मधल्या वेळात छाती भरून येते आणि वाहत राहते. त्यांना गरज सर्वात जास्त, आणि त्या वॉर्डात पंधरा-पंधरा दिवस राहायच्या.

कोणता पॅड द्यायचा यावर मीटिंग झाली. राठोड सिस्टर कापडाच्या बाजूच्या होत्या. दवाखान्यात आज आलेली वस्तू उद्या येईलच याचा भरवसा नाही, कापड निदान हातात राहतं, असं त्यांचं म्हणणं. गावंडेसाहेबांना डिस्पोजेबल हवा होता, कारण त्यात आमचा कापूस खपणार होता. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालूनच बोललो. 'ब्रेस्ट' हा शब्द तोंडातून काढायलाच मला घाम यायचा. पण कारणं मी घोकून गेलो होतो. वॉर्डात पाणी दिवसातून दोनदा येतं, वाळवायला जागा नाही, अर्धवट धुतलेल्या कापडात जंतू वाढतात. वापरा आणि टाका, यात चुकायला जागाच नाही, असं मी म्हणालो. शेवटच्या वाक्यावर गावंडेसाहेब खूश झाले. शिफारशीवर सही माझी झाली.

दर आईला दिवसाला सहा पॅड. वापरलेले टाकायला वॉर्डात झाकणाची बादली ठेवली. सहाव्या दिवशी हा फोन आला.

निघण्याआधी मी त्याच बॅचचं राखून ठेवलेलं सॅम्पल काढलं. खात्री व्हावी म्हणून टेस्ट दोनदा केली. तारेच्या छोट्या टोपलीत ठरलेल्या वजनाचा कापूस भरून पाण्यात सोडतात. दहा सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे. बुडाला. कापूस भिजवलेलं पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, ते पाहिलं. दोन्ही नाही. ब्लीच उरलंय का, ते पाहिलं. नाही. सगळं पास. खरं तर बरं वाटायला हवं होतं. उलट भीती वाढली. चूक दिसली असती तर बॅच परत मागवून मोकळा झालो असतो. आता कुठे बघायचं, तेच कळेना.

गावंडेसाहेब दारातच भेटले. रिपोर्ट पाहून म्हणाले, "पास हाय ना? मग तुम्ही कायले घाबरून राह्यले? जा, दाखवा, अन् या."

वॉर्डात पोचलो तर सिस्टरांनी मला आत नेलं नाही. व्हरांड्यातल्या टेबलाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. ताप आलेल्या बाईचं नाव सुनंदा. पहिलटकरीण, मुलगी सातव्या महिन्यातली, पेटीत. सुनंदाला डाव्या बाजूला गाठ आली होती. डॉक्टरांनी औषध सुरू केलं होतं आणि दूध काढत राहायला सांगितलं होतं, पण हात लावला की ती कळवळायची. डाव्या बाजूचं दूध एकदम कमी झालं होतं. आत पू धरला तर चिरावं लागणार होतं. दोन दिवस वाट बघू, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तिचं दूध गेलं तर त्या पोरीचं कसं व्हायचं, ते मले विचारू नका," सिस्टर म्हणाल्या. "वरचं दूध त्या पोरीले झेपत नाही. एकदा देऊन पाह्यलं, पोट फुगलं."

मी माझा टेस्ट रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो वाचला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पॅड माझ्यापुढे ठेवला. सुनंदाच्या ब्लाउजमधून काढलेला.

आंबट वास आला. मी तो उजेडात धरला. आमच्या धंद्यात डागाकडे बघायची सवय असते. कापड ओलं होऊन वाळलं की ओलाव्याच्या कडेला एक रेघ राहते. पुन्हा ओलं होऊन वाळलं की दुसरी रेघ. या पॅडवर एकात एक अशा सहा-सात रेघा होत्या, पिवळ्या, काही तपकिरी. चार तासांत बदलायचा पॅड. हा दोन दिवस तरी अंगावर होता. बाहेरून प्लॅस्टिक, आतून आंबलेलं दूध, मध्ये उन्हाळ्यातलं अंग. ती चामडी सोलली नसती तरच नवल.

मी सिस्टरांना म्हटलं, बादली दाखवा. त्यांनी आणली. सहा दिवसांच्या ट्रायलनंतर तिच्यात काही तरी ढीग पाहिजे होता. चार पॅड होते.

"रोज रिकामी करता?"

"मागे जाळतात. पण आमची झाडणारी बाई म्हणते, तिच्यात काही नसतेच."

सिस्टर तरातरा आत गेल्या. त्यांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. पॅड कुठे टाकता म्हणून त्या एकेकीला विचारत होत्या. बायांनी सांगितलं, टाकतो ना बादलीत. सिस्टरांनी एका खाटेखालची पिशवी ओढली. पिशवीत घडीवर घडी वापरलेले पॅड होते, आणि त्यांच्यासोबत कितीतरी कोरे, न वापरलेले. दुसऱ्या खाटेखाली तेच. सिस्टर चिडल्या. साठवून काय लोणचं घालणार का, असं म्हणाल्या. एक बाई रडायला लागली.

मी बाहेर बसून होतो. आत जाऊन विचारणं शक्यच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी पुरुषासमोर त्या बोलल्या नसत्या. मला एवढंच कळत होतं की तिकडे एक बाई तापात आहे, तिला काय झालं ते आत सगळ्यांना माहीत आहे, आणि आम्हा दोघांना, पॅड बनवणाऱ्याला आणि वाटणारीला, माहीत नाही.

थोड्या वेळाने एक म्हातारी बाहेर येऊन माझ्यापासून चार हातांवर भिंतीला टेकून बसली. ती सुनंदाची सासू. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तूच का रे तो चकत्यावाला?"

मी हो म्हटलं. गाव कोणतं, विचारलं. सांगितलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. तिच्या माहेरची कोणी बाई आमच्या गावात दिलेली निघाली. मग ती जरा जवळ सरकली. मी हिंमत करून विचारलं, "आजी, वापरलेली चकती बादलीत काहून टाकत नाहीत?"

तिनं हनुवटीने व्हरांड्याच्या मागच्या खिडकीकडे दाखवलं. खिडकीतून आवारातला खड्डा दिसत होता. खड्ड्यातून वॉर्डाच्या कचऱ्याचा धूर निघत होता.

"तिथं जायते तो. रोज सकाळी. पोरींनी पाह्यलं."

"हो. दवाखान्यातलं जाळावंच लागते."

"अन् त्या चकतीत काय हाय, लेका? दूधच हाय ना? आईचं दूध जाळू नाही. पान्हा आटते. तुह्या मायनं नव्हतं सांगितलं?"

आईनं सांगितलं नव्हतं, पण केलेलं मी पाहिलं होतं. धाकटी बहीण झाली तेव्हा आई जास्तीचं दूध वाटीत घेऊन परसातल्या निंबाच्या बुडाशी ओतायची. चुलीजवळ थेंब सांडू द्यायची नाही. मी सात-आठ वर्षांचा होतो. आमच्याकडे घरोघरी हेच चालतं. झाडाच्या मुळाशी टाका, वाहत्या पाण्यात सोडा, पण विस्तवात नाही आणि पायाखाली नाही. हे मला माहीत होतं. मीटिंगमध्ये चार कारणं सांगताना ते आठवलं नाही. शाळेत शिकलेलं एका खोलीत आणि घरात पाहिलेलं दुसऱ्या खोलीत, असं काहीतरी माझ्या डोक्यात झालं होतं.

म्हातारी सांगत राहिली. बायांनी आपसात ठरवलं होतं. पॅड लपवायचे, घरी गेल्यावर नाल्यात सोडायचे. पण पिशवीत वास येतो, मुंग्या लागतात, सिस्टर रागावतात. म्हणून पॅड कमीत कमी वापरायचे. जितके कमी वापरू तितकं कमी लपवावं लागेल. सगळ्यांत जास्त जपलं ते सुनंदानं, कारण तिची पोर सगळ्यांत लहान होती. दूध टिकावं म्हणून तिनं एकच पॅड अंगावर ठेवला. त्यानेच ती आजारी पडली.

मी सिस्टरांना व्हरांड्यात बोलावून हे सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं, त्या बायांना पुन्हा रागावतील. त्या म्हणाल्या, "आमच्या तांड्यावरही हेच हाय. माह्या वेळी मायनं तेच केलं. अन् मीच इथं बादली ठेवली."

त्या दुपारी प्लॅस्टिकवाले पॅड बंद झाले. सिस्टरांनी जुन्या मऊ धोतराच्या घड्या करून दिल्या. कचऱ्याच्या खड्ड्यात यापुढे तुमचं काहीच जाणार नाही, असं त्यांनी खाटेखाटेपाशी जाऊन सांगितलं. सुनंदाला शेक देऊन, सासूला जवळ बसवून, त्या स्वतः डाव्या बाजूचं दूध काढायला बसल्या. मी व्हरांड्यातून तिचं कण्हणं ऐकत होतो. मला तिथे थांबायचं काही कारण नव्हतं, पण जाववतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावंडेसाहेबांनी ट्रायलचा रिपोर्ट मागितला. मी झालेलं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मोकळे झाल्यासारखे म्हणाले, "म्हणजे आपल्या मालात दोष नाही. वापरणाऱ्याची चूक. तसं लिहा."

टेस्टच्या हिशोबाने ते खरं होतं. मी टेबलाशी बसून तसंच लिहायला घेतलं. लिहिता येईना. सुनंदाची गाठ अजून तशीच होती. ती चिरावी लागली असती, तर त्या कागदावर मी काय लिहिलं असतं, देव जाणे. शेवटी तीन ओळी लिहिल्या. मटेरियल टेस्ट: पास. वापराची ट्रायल: नापास. कारण: टाकून देण्याची पद्धत ठरवताना वापरणाऱ्यांना विचारलं नाही, शिफारस करणाऱ्याची चूक. खाली सही केली.

साहेबांनी कागद वाचला. "पॅड पास अन् ट्रायल नापास? असं कुठं राह्यते का?"

"राह्यते साहेब. हे पाहा, इथं राह्यलं."

नोकरी जाते की काय, असं वाटलं. मग त्यांनी कागद फाइलला लावला आणि विचारलं, "मग आता काय? कापडाचा?"

कापडाचाही पहिला प्रयत्न फसला. आमच्याकडच्या बायांनी मशीनवर चांगले गोल, तीन थरांचे, प्लॅस्टिक नसलेले पॅड शिवले. वॉर्डात दिले. बाया धुवायच्या, धुण्याचं पहिलं पाणी झाडाच्या बुडाशी टाकायच्या, इथपर्यंत उत्तम. पण वाळत घालायच्या गादीखाली. गोल आकार दोरीवर दिसला की काय आहे ते लगेच कळतं, आणि आवारात पुरुष नातेवाईक बसलेले. गादीखाली कापड दमट राहतं. पुन्हा तोच धोका. या वेळी मी टेबलाशी बसून डोकं चालवलं नाही. सरळ सुनंदाच्या सासूकडे गेलो.

ती म्हणाली, "गोल काहून करता? चौकोनी करा. लेकराच्या लंगोट्यात कोण पाह्यते?"

आम्ही थर शिवणंच बंद केलं. एक मऊ चौकोनी फडका, कडा दुमडलेल्या. घडी घातली की पॅड, उलगडला की लंगोटासारखा. एकच थर उन्हात पडतो म्हणून लवकर वाळतो. बाळांच्या कपड्यांत टांगला की कोणाचं लक्ष जात नाही. साबणाने धुवायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, कडक उन्हात वाळवायचा, ओला अंगावर ठेवायचा नाही. पावसाळ्यात जिथे वाळतच नाही, तिथे डिस्पोजेबल द्यायचा, पण बिनप्लॅस्टिकचा, आणि खड्डा खणून पुरायचा. जाळायचा नाही.

धंदा म्हणाल तर या फडक्यात काहीच नव्हता. आमचा कापूस त्यात लागत नव्हता. एवढी धडपड करून युनिट पुन्हा कापसाच्या रोलवर आलं. साहेब अधूनमधून मला टोमणा मारायचे, की शिकलेला माणूस ठेवला अन् त्यानं फडकं शोधून काढलं.

सुनंदाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला होता. चिरावं लागलं नाही. डाव्या बाजूचं दूध यायला मात्र आठवडा गेला, आणि तो आठवडा पोरीला उजव्या बाजूवर काढावा लागला. पोरीचं वजन दोनदा घसरलं. दोन्ही वेळा सिस्टरांनी मला स्वतः फोन करून सांगितलं, आणि दोन्ही वेळा मला जेवण गेलं नाही.

विमलताईंची तोवर झरी जामणीकडे बदली झाली होती. तिकडे फोन लागत नसे. खरं तर ट्रायलच्या आधीच त्यांना पत्र लिहायला हवं होतं. आईसारख्या बाईला असल्या विषयावर कसं लिहायचं, या लाजेने मी लिहिलं नव्हतं. शेवटी लिहिलं. त्याची मी उतरवून ठेवलेली प्रत अशी:

आदरणीय विमलताईंना,
प्रकाशचा सविनय जय भीम.

तुमच्यामुळे शिकलो, म्हणून पहिली मोठी चूक तुम्हालाच कळवतो आहे. बाळंतिणींना दुधाचे पॅड द्यायचे होते. धुण्याचे की टाकण्याचे, हे मी पुस्तक पाहून ठरवलं. तुम्हाला विचारायची लाज वाटली. एक बाई त्यामुळे फार आजारी पडली. आता ती बरी आहे. तिची मुलगी काल पेटीतून बाहेर आली, आज पहिल्यांदा अंगावर प्याली. सिस्टर म्हणतात, जेमतेम चार घोट, मग झोपली.

सोबत बारा फडके पाठवतो आहे. कसे वापरायचे ते मी लिहीत नाही. तुमच्याकडच्या कोलाम आणि गोंड घरांतल्या बायांना आधी विचारा, जास्तीच्या दुधाचं त्या काय करतात, कुठे टाकतात, कुठे टाकत नाहीत. त्यांचं वेगळं असेल तर फडके बाजूला ठेवा आणि मला कळवा. पुरुषाचं नाव ऐकलं तर त्या सांगणार नाहीत, म्हणून माझं नाव घेऊ नका.

रागावायचं असेल तर त्याच पत्रात रागवा. मी पुढची बॅच तुमच्या उत्तरापर्यंत थांबवली आहे.

तुमचा,
प्रकाश